तारण ठेवलेला शेजार



आरक्षण, अत्याचार, संविधान, शिष्यवृत्ती या विषयांवर आपल्या चळवळीत भरपूर बोललं जातं, आणि बोललं जायलाच हवं. पण वस्तीतल्या घराघरांत आठवड्याच्या एका ठरलेल्या सकाळी जो विषय धडकी भरवतो, त्या कर्जाच्या हप्त्याबद्दल आपल्या मंचावरून शब्द निघत नाही. जयंतीच्या भाषणात निघत नाही, कॅडर कॅम्पमध्ये निघत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही. कारण उघड आहे. कर्जाचं बोलायचं म्हणजे स्वतःच्या घरचं बोलायचं. जातीच्या अपमानावर बोलताना आपली मान ताठ असते, कारण तो अपमान दुसऱ्याने केलेला असतो. कर्जाच्या कागदावर मात्र सही आपलीच असते. म्हणून ते आपलंच पाप, असं मनावर बिंबवलं गेलं आहे. या लाजेवर कोणाचा धंदा चालतो आणि ती लाज कशी मोडायची हे आम्हाला कोणी शिकवलं, याविषयी हा लेख आहे.

आम्ही म्हणजे उत्तर नागपुरातल्या एका बुद्धविहाराच्या माडीवर अभ्यासिका चालवणारी सहा-सात पोरं-पोरी. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, दोन पंखे, रात्री अकरापर्यंत लाईट, एवढाच कारभार. मागच्या काही वर्षांत अभ्यासिकेतली चांगली पोरं मधूनच यायची बंद होऊ लागली. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काम लागलं." कोणी हॉटेलात, कोणी डिलिव्हरीला, एक मुलगी कपड्याच्या दुकानात. घरी जाऊन बसलो तेव्हा खरी गोष्ट कळली. आईच्या नावावर तीन-तीन, चार-चार कर्जं. एक बापाच्या ऑपरेशनसाठी, दुसरं शिष्यवृत्ती वेळेवर न आल्यामुळे कॉलेजच्या फीसाठी, तिसरं पहिल्या दोघांचे हप्ते भरण्यासाठी. पोरगं अभ्यासिकेतून उठून थेट त्या तिसऱ्या कर्जाच्या हप्त्यावर कामाला लागलं होतं.

तेव्हा आम्ही ठरवलं की शनिवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर तळमजल्यावर बसायचं. कर्जात असलेल्यांनी यायचं, आणि कर्जातून बाहेर पडलेल्यांनी तर नक्की यायचं. वक्ता नको, पाहुणा नको, हारतुरे नकोत. आमच्यात एक बी.कॉम. झालेला आहे, एकजण वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पण या बैठकीत मास्तरकी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यातल्या काहींना सहीपलीकडे लिहिता येत नाही.

त्यांच्याकडून काय शिकायला मिळालं ते सांगण्याआधी, लढाई कशाशी आहे ते नीट समजून घेऊ.

बांगलादेशात १९८३ साली ग्रामीण बँक स्थापन झाली. गरिबाकडे तारण ठेवायला जमीन-दागिना नसला तरी त्याला कर्ज देता येतं, हे तिने जगाला दाखवलं. बायांचा गट करायचा; एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या तिच्यावर लक्ष ठेवतील. आपल्याकडे खासगी कंपन्यांनी हाच सांगाडा उचलला आणि त्यावर नफ्याचा इमला चढवला. कागदावर हे कर्ज विनातारण असतं. पण वस्तीत राहणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, तारण काय असतं ते ती सांगेल. तारण असतो शेजार. गटातल्या इतर बायांशी असलेलं तुमचं बोलणं-चालणं, हळदीला बोलावणं, रात्री-अपरात्री पोरगं आजारी पडलं तर ज्या दारावर थाप मारता ते दार, हे सगळं कंपनीकडे गहाण पडलेलं असतं.

आमच्या वस्तीतली एक बाई दोन हप्ते भरू शकली नाही. वसुलीवाला तिच्यावर ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्याने फक्त गटातल्या बाकीच्या बायांना सांगितलं की तिचे पैसे येईपर्यंत मीटिंग उठणार नाही आणि पुढचं लोनही कोणाला मिळणार नाही. मग आपल्याच नऊ बाया तिच्या अंगणात जाऊन बसल्या. पोरं घरी उपाशी, चुली थंड, रात्रीचे साडेआठ वाजलेले. त्या नऊजणी वाईट नव्हत्या. त्यातली एक तर तिची सख्खी मावसबहीण. आठवड्याभराने ती बाई घराला कुलूप लावून निघून गेली. कुठे गेली ते आजही वस्तीला ठाऊक नाही. तिच्या मुलीची नववीची पुस्तकं आमच्या अभ्यासिकेत पडून आहेत.

एक सवर्ण माणूस आपल्या वस्तीत येऊन असं वागला असता तर आपण मोर्चा काढला असता. इथे मोर्चा कोणाविरुद्ध काढायचा? अंगणात बसलेल्या बाया आपल्याच होत्या. व्यवस्थेचं कौशल्य नेमकं यातच आहे. जातीच्या उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतं, म्हणून उतरंड टिकते, हे बाबासाहेबांनी आपल्याला समजावलं. हप्त्याच्या गटात प्रत्येकीच्या शेजारी पहारेकरी बसवलेली असते, आणि ती स्वतःही दुसऱ्या कोणाची पहारेकरी असते.

आमच्या शनिवारच्या बैठकीत बसतात त्याच बाया आणि तोच शेजार. फरक एवढाच की तिथे त्या एकमेकींच्या जामीनदार नसतात.

बैठकीत सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते एका आक्कांचं. साठीच्या आसपासच्या, चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या. चार कर्जं त्यांनी साडेतीन वर्षांत फेडली. नवीन बाई आली, बोलता बोलता रडू लागली, की आम्हा शिकलेल्या पोरांची गडबड उडते. कोणी पाणी आणतं, कोणी कायद्याचं कलम सांगू लागतं. आक्का हाताने आम्हाला थांबवतात आणि तिला म्हणतात, "काहून लाजतं व माय? चोरी केली का तू? पयले वही काढ. रडाचं मंग."

ही वही म्हणजे दोनशे पानी साधी वही. एकेका पानावर एकेक कर्ज. कोणाकडून घेतलं, कधी घेतलं, हातात प्रत्यक्ष किती आले, आजवर किती भरले, किती बाकी सांगतात, लोन कार्ड कुठे आहे. पहिल्या शनिवारी याशिवाय काही करायचं नाही, हा आक्कांचा नियम आहे. उपाय विचारायचा नाही, कोणी सांगायचाही नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला आकडा माहीत नसतो असं नाही. त्याला तो बघायचा नसतो. वहीत उतरलेला आकडा बहुतेक वेळा मनातल्या आकड्यापेक्षा लहान निघतो. कधी मोठाही निघतो. पण तो निदान कुठेतरी संपतो.

"हातात प्रत्यक्ष किती आले" हा प्रश्न आक्कांचाच. चाळीस हजारांच्या कर्जातून प्रोसेसिंग फी, विमा आणि काय काय कापून हातात कमी पैसे येतात, व्याज मात्र पुऱ्या चाळीसवर चालतं. आमच्या बी.कॉम.वाल्या मित्राने त्याला जोडून फ्लॅट व्याजाचा हिशेब फळ्यावर मांडला. २४,००० रुपये, बारा महिने, "फक्त बारा टक्के फ्लॅट". व्याज २,८८०, महिन्याचा हप्ता २,२४०. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, पण व्याज पहिल्या दिवसाच्या मुद्दलावरच लावलेलं असतं. त्यामुळे खरा दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर जातो. हे फळ्यावर बघून एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे मी फेडलेल्या पैशावरबी व्याज देऊन राहिलो." पाठ्यपुस्तकात याहून नेमकी व्याख्या असेल असं आम्हाला वाटत नाही.

आधी कोणाचं फेडायचं, यावर बैठकीत दर महिन्याला वाद होतो आणि व्हायलाच हवा. गणित सांगतं, ज्याचं व्याज सगळ्यात जास्त त्याचं आधी. आक्कांचं म्हणणं, जे सगळ्यात लहान ते आधी. का? तर एक दार वाजायचं बंद होतं. चार जण दार वाजवतात तेव्हा माणूस झोपत नाही, झोपला नाही तर कामाला जात नाही, कामाला गेला नाही तर पाचवं कर्ज काढतो. हा हिशेब कुठल्याही कॅल्क्युलेटरमध्ये बसत नाही. आमचं मत असं झालं आहे की शेकडा दहा महिन्याचं सावकारी कर्ज डोक्यावर असेल तर गणिताचं ऐकावं, बाकी वेळी आक्कांचं. यावर अजून एकमत नाही.

सावकारीचा विषय निघाला की एक काका बोलतात. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी शंभराला दहाने पैसे उचलले होते. दहा हजारांवर महिन्याला हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. बिगरशेती, विनातारण कर्जावर परवानाधारक सावकारालासुद्धा वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे त्याच दहा हजारांवर वर्षाचे फार तर अठराशे. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार करायची सहकार खात्याच्या निबंधकाकडे. हे सगळं आमच्या वकील मैत्रिणीने सांगितलं. पण अर्ज करायला जाताना काय न्यायचं, ते काकांनी सांगितलं. सावकार पावती देत नाही. म्हणून पैसे रोख द्यायचेच नाहीत, मोबाईलवरून पाठवायचे, आणि पाठवताना "व्याज, जून महिना" असं लिहायचं. तोच पुरावा. आणि कोरा चेक सही करून कोणाच्याही हातात द्यायचा नाही. हप्ता थकणं हा दिवाणी मामला असतो, चेक न वटणं हा फौजदारी खटला होऊ शकतो. नोटीस आली तर ती कोनाड्यात खोचून ठेवायची नाही, कारण पैसे भरायला पंधराच दिवस असतात. काका हे सांगताना आवाज चढवत नाहीत. स्वतः कोर्टाच्या बाकावर किती वर्षं काढली तेही सांगत नाहीत. आम्हाला इतरांकडून कळलं.

कायद्याचं ज्ञान आणि कायदा वापरून आलेल्या माणसाचं ज्ञान यांत हा फरक आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, नातेवाईक-मित्रांना त्रास देता येत नाही, आणि कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. हे आम्ही छापून विहारात लावलं. पण वसुलीवाला दारात उभा असताना हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणायचं, ते आक्का बायांकडून घोकून घेतात. एकजण वसुलीवाला होते, दुसरी कर्जदार. "दादा, बसा. पाणी घ्या. तुमचं ओळखपत्र दाखवा. तुमच्या साहेबाले लेखी द्या म्हणा, मी लेखी उत्तर देतो." नाटक बघताना हसू येतं. पण त्या हसण्यात भीती पातळ होते, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. तक्रार आधी कंपनीकडे लेखी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर माहिती मिळते. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी हा वकील कधी मागितला आहे?

बैठकीतला सर्वांत लहान मास्तर एक डिलिव्हरीचं काम करणारा पोरगा आहे. मोबाईल ॲपवरून सात दिवसांचं कर्ज घेतलं, ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून घेतलं. मग त्याचा फोटो जोडून घाणेरडी चित्रं त्याच्या मामाला, ठेकेदाराला पाठवण्याच्या धमक्या सुरू झाल्या. कर्जाच्या ॲपने फोनमधल्या नावांच्या यादीला हात लावू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बनावट ॲपवाले तो कशाला पाळतील? या पोराने काय करावं? त्याने स्वतःच सगळ्या नातेवाइकांना एक मेसेज पाठवला: मी कर्ज घेतलं होतं, हे लोक मला धमकावत आहेत, माझे खोटे फोटो येतील, ते पुसून टाका आणि नंबर मला कळवा. मग १९३० वर तक्रार केली. ज्या बातमीच्या जोरावर ते त्याला नाचवत होते ती बातमी त्याने स्वतःच चावडीवर आणून ठेवली. आमच्याकडे त्यानंतर ॲपमध्ये अडकलेले चार जण आले. चौघांनाही पहिला मेसेज लिहायला त्यानेच बसवलं.

आता आपल्यातल्याच काही जाणत्यांचा आक्षेप. ते म्हणतात, हे एनजीओचं काम झालं. व्यवस्था बदलायची सोडून तुम्ही बायांना वह्या लिहायला शिकवता. आक्षेप फालतू नाही. मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते, एक नव्हे. सर्वसक्तीच्या विम्याची आणि तो विमा सरकारच्याच हाती असण्याची मांडणी त्यांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात केली. ती अमलात आली असती तर आमच्या वह्यांतली आजारपणाची निम्मी पानं कोरी राहिली असती, असा आमचा अंदाज आहे. तेव्हा मोठी लढाई कोण नाकारतं? पण २०१० साली आंध्र प्रदेशात कर्जवसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्या आणि सरकारला अध्यादेश काढावा लागला. तिथे आधी कोणीतरी घराघरातल्या कर्जाच्या नोंदी बाहेर आणल्या होत्या. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली, तेव्हा कोणत्या सावकाराकडे कोणाचं खत आहे हे गावाला माहीत होतं. आज आपलं खत कोणत्या सर्व्हरवर आहे हेच आपल्याला माहीत नाही. वही ही मोर्चाची पहिली पायरी आहे. ती वगळून काढलेले मोर्चे आम्ही पाहिले आहेत. निवेदन देताना कर्ज किती, कंपनी कोणती, एवढंही सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मध्यमवर्गीयांचा. "आपले लोक उधळे आहेत. लग्नात डीजे, जयंतीत डीजे, हातात मोठा मोबाईल." आमच्या वह्यांत लग्नाची पानं आहेत, नाही कशाला म्हणू. पण ती दवाखाना, फी, घरभाडं आणि जुन्या कर्जाचे हप्ते यांच्या मागे आहेत. आणि एक पान असं आहे जे या टीकाकारांना दिसत नाही. एका ताईंनी ते एका वाक्यात सांगितलं, "कर्ज माझ्या नावावर, गाडी त्याच्या नावावर."

धम्माच्या दृष्टीने या विषयाकडे बघायला आपण विसरलो आहोत. अंगुत्तर निकायात इणसुत्त आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याज थकलं की तगादा, तगाद्यानंतर पाठलाग, आणि शेवटी बंधन, अशी दुःखाची साखळी तथागतांनी तिथे सांगितली आहे. पुढे ती शीलाच्या दारिद्र्याला उपमा म्हणून वापरली हे खरं. पण ऐकणाऱ्यांनी वसुलीवाला पाहिलेला असल्याशिवाय ती उपमा पोचलीच नसती. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक सुख कर्ज नसण्याचं आहे. आणि संघात नव्या भिक्खूने पाच वर्षं अनुभवी आचार्याच्या आश्रयाने राहायचं, हा विनयाचा दंडक आहे. पुस्तक वाचून भिक्खू होता येत नाही, सोबत राहून होता येतं. आमच्या बैठकीत नव्या माणसाला एका जुन्या माणसाशी जोडून देतो. वसुलीवाला आला की त्याने पहिला फोन त्या जुन्या माणसाला करायचा. ही रीत कुठून सुचली ते वेगळं सांगायला नको.

पण अनुभवी म्हटलं की आंधळेपणाने ऐकायचं असंही नाही. कालामसुत्त आपल्याला ठाऊक आहे. मध्यंतरी एक गृहस्थ बैठकीला आले, स्वतः कर्जमुक्त झालो म्हणून सांगू लागले. सरकार सगळी मायक्रोफायनान्सची कर्जं माफ करणार आहे, हप्ते भरू नका, फक्त माझ्याकडे फॉर्मचे पाचशे रुपये भरा. बोलणं गोड, कपाळावर निळी पट्टी. आक्कांनी त्यांना एकच विचारलं, "तुमची वही दाखवा." वही नव्हती. पाचशे रुपये कोणी दिले नाहीत. सेटलमेंटबद्दलही असंच. कमी पैशात मिटवून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण मिटवलेलं कर्ज सिबिलच्या नोंदीत "सेटल्ड" दिसतं, "क्लोज्ड" नाही, आणि उद्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी ते आडवं येतं. तरीही कधी कधी तोच एक मार्ग उरतो. तेव्हा निदान लेखी पत्र घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि नंतर नो ड्यूज हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

जमलेलं नाही ते पुरुषांचं. बैठकीला पंचवीस-तीसजणी येतात, पुरुष तीन-चार. बाकीचे विहाराच्या फाटकाशी गाडीवर बसून राहतात, बायको बाहेर आली की विचारतात, "काय म्हणत होते?" सामनेर शिबिराला येणारे, मोर्च्यात पुढे असणारे हेच लोक. त्यांच्यासाठी वेगळी बैठक घ्यावी असं आमच्यातल्या काहींचं मत. वेगळी घेतली तर तीही फाटकाशीच भरेल असं आक्कांचं. मागच्या शनिवारी काका वही घेऊन स्वतःच फाटकाशी जाऊन उभे राहिले. गाडीवरच्या दोघांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते काकांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.